एका कारकुनाचे नेम

आपल्या देशात वर्ष एकदाच सुरू होत नाही. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी माणसाला तर याचा प्रत्यय वारंवार येतो. १ जानेवारीला कचेरीच्या भिंतीवरील कॅलेंडर बदलते. राजपत्रावर इंग्रजी तारखेच्या जोडीला छापला जाणारा शक २२ मार्चला, आणि लीप वर्षी २१ मार्चला, पालटतो. हिशेबाच्या शाखेचे वर्ष १ एप्रिलला उजाडते. घरी चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभी राहते, आणि शेजारच्या गुजराती व्यापाऱ्याच्या नव्या वह्या दिवाळीत पूजल्या जातात. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणेसाठी जी समिती नेमली गेली, तिला देशात सुमारे तीस निरनिराळी पंचांगे प्रचारात असल्याचे आढळले होते. पुढे १ चैत्र १८७९, म्हणजे २२ मार्च १९५७ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तरी घरोघरची नववर्षे आपापल्या जागी राहिलीच. ती राहिली यात वावगे काही नाही. नव्याने आरंभ करण्याची संधी जितक्या वेळा मिळेल तितकी बरीच.

अडचण होते ती या संधीवर आपण संकल्पांचा जो भार घालतो त्यामुळे. नवे वर्ष आले की माणूस एकदम आमूलाग्र बदलू पाहतो. पहाटे उठेन, रोज व्यायाम करीन, राग टाकीन, पैसा जमवीन, अशी लांबलचक यादी होते. आणि तिला मुदत अशी नसतेच, सारे काही जन्मभर करावयाचे असते. वास्तविक आपल्या धर्मकृत्यांतला संकल्प किती आटोपशीर आहे! त्यात देशकालाचा उच्चार असतो. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी ही सर्व सांगितली जातात. करणाऱ्याचे गोत्र आणि नाव येते. आणि मग अमुक एक कृत्य मी आज करीन असे म्हणून तळहातावरचे उदक ताम्हनात सोडले जाते. कृत्य एक, दिवस एक. नववर्षाच्या संकल्पात मात्र पाणी सोडले जाते ते पंधरवड्यानंतर, आणि तेही संकल्पावरच. मग मोडलेल्या संकल्पाची खंत उरलेले साडेअकरा महिने मनाला टोचत राहते. मन निवांत व्हावे म्हणून जे केले, त्यानेच ते अधिक अस्वस्थ होते.

लहान, मुदतीचा आणि मोजता येईल असा नेम माणसाला खरोखर शांत करू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर उपदेशाच्या पुस्तकांपेक्षा इतिहासात शोधावे असे आम्हांला वाटते. सुदैवाने एका माणसाने आपले असे नेम, ते पाळल्याचे समाधान, ते मोडल्याबद्दल भरलेला दंड आणि त्यांतून काढलेल्या पळवाटा हे सर्व साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. तो पदवीधर होता, सरकारी नोकर होता, आणि त्याच्या पदनामात 'क्लार्क' हा शब्द होता. केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिणाऱ्या आमच्यासारख्याला त्याच्याविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही. त्याचे नाव सॅम्युएल पीप्स.

पीप्सचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ रोजी लंडनमध्ये एका शिंप्याच्या घरी झाला. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजातून १६५४ साली तो पदवीधर झाला, पुढल्या वर्षी त्याचे लग्न झाले, आणि मुतखड्याच्या विकाराने जर्जर झाल्यामुळे १६५८ च्या मार्चमध्ये त्याने शस्त्रक्रिया करवून घेतली. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. त्या दिव्यातून तो वाचला आणि पुढे दरवर्षी त्या दिवसाच्या स्मरणार्थ मेजवानी देण्याचा त्याने निश्चय केला. १ जानेवारी १६६० रोजी त्याने रोजनिशी लिहावयास घेतली, तेव्हा तो सरकारी खजिन्यात एक सामान्य कारकून होता. त्याच वर्षी दुसरा चार्ल्स गादीवर आला, आणि एका वजनदार नातलगाच्या शब्दामुळे पीप्सला नाविक मंडळाच्या 'क्लार्क ऑफ दि ॲक्ट्स' या जागेवर नेमण्यात आले. वार्षिक वेतन साडेतीनशे पौंड आणि शिवाय राहावयास घर. नाव कारकुनाचे असले तरी ही जागा मंडळाच्या चिटणीसाची होती, हे आम्ही विसरत नाही. जहाजे बांधणे, गोद्या चालवणे, दोर, डांबर, लाकूड, शिडाचे कापड यांची खरेदी करणे, असा त्या मंडळाचा व्याप होता.

ज्या काळात तो लिहीत होता त्या काळी इंग्लंडातही वर्षे दोन होती. कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. वसंतसंपाताच्या आसपासचा हा दिवस. आपल्या राष्ट्रीय चैत्राच्या पहिल्या दिवसाशी त्याचे अंतर अवघे तीन दिवसांचे. परंतु छापील पंचांगांत आणि लोकव्यवहारात नववर्षाचा दिवस म्हणून १ जानेवारीच मानला जाई, आणि त्या दिवशी भेटी दिल्या-घेतल्या जात. म्हणून जानेवारी ते मार्च या महिन्यांत लिहिताना सावध माणूस जुने आणि नवे अशी दोन्ही साले एकत्र लिही. ही दुहेरी गणना १७५२ पासून बंद झाली. १ जानेवारीचा मान मात्र फार जुना, रोमन लोकांपासूनचा आहे. इसवी सनापूर्वी १५३ पासून रोमचे कॉन्सल त्या दिवशी अधिकारपद स्वीकारू लागले. साम्राज्याच्या काळात ३ जानेवारीला बादशहाच्या सुखरूपतेसाठी सार्वजनिक नवस केले जात. तो झाला मोठा, दरबारी संकल्प. सामान्य माणसाची रीत निराळी होती. ऑव्हिड या कवीने 'फास्ती' या आपल्या काव्यात सांगितले आहे की, वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या धंद्यातले थोडेसे काम करी आणि मग सण साजरा करी. सारे वर्ष आळसात जाऊ नये म्हणून आरंभाला कामाचा नुसता स्पर्श. कोलुमेला या शेतीविषयक ग्रंथकारानेही शेतकऱ्यांच्या अशाच चालीची नोंद केली आहे. दसऱ्याला शस्त्रे आणि हत्यारे पुजून दुसऱ्या दिवशी कामाला हात घालणाऱ्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये.

पीप्सकडे वळू. १६६१ साल संपले तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. अधिकार नवा, हाती पैसा नवा आणि लंडन शहरही जणू नवे झालेले. १६४२ साली बंद केलेली नाटकगृहे १६६० मध्ये पुन्हा उघडली होती. रंगभूमीवर स्त्रियांची कामे खुद्द स्त्रिया करू लागल्या होत्या, आणि हा चमत्कार त्याने प्रथम पाहिला तो १६६१ च्या जानेवारीत. नाटकाचे त्याला वेड लागले. दुसरे वेड मद्याचे. त्या काळच्या लंडनमध्ये सकाळचा पहिला प्याला पिठ्यात जाऊन घेण्याची रीतच होती. तिथेच कामाच्या गोष्टी होत, तिथेच वेळ जाई. डोके जड, कामात लक्ष नाही, मंडळाचे इतर सभासद आपल्याला कमी लेखतील ही धास्ती, असे दिवस जात होते. वर्षाच्या अखेरीस तो हिशेबाला बसला. आपली शिल्लक सुमारे पाचशे पौंड असावी असा त्याने अंदाज केला, खर्च हाताबाहेर चालला आहे हे ओळखले, आणि ३१ डिसेंबरच्या नोंदीत लिहिले की, नाटक आणि मद्य यांपासून दूर राहण्याची आपण नुकतीच शपथ घेतली आहे.

या शपथेत जे नाही ते पाहण्यासारखे आहे. आपण सद्गुणी होऊ, थोर होऊ, असे तीत काही नाही. दोन ओळखीच्या गोष्टी, त्यांची बंदी आणि ती पाळावयाची मुदत, एवढाच मजकूर. २६ जानेवारी १६६२ ला, म्हणजे महिनाही झाला नव्हता तेव्हा, तो समाधानाने नोंदवतो की, मद्य सोडल्यापासून आपल्याला पुष्कळ बरे वाटते, कामात लक्ष लागते, पैसा कमी खर्च होतो आणि रिकामटेकड्यांच्या संगतीत वेळ कमी वाया जातो. पुढे मधल्या काळात बंधने सैल पडली, नाटके पुन्हा सुरू झाली, आणि त्याने पुन्हा शपथ घेतली. जूनच्या अखेरीस तो लिहितो की, आपले मन जन्मात कधी नव्हते इतके शांत आणि तृप्त आहे, आणि हे फळ मद्य व नाटके यांविरुद्ध घेतलेल्या शपथांचेच आहे. शांतता हा त्याचा मूळ हेतू नव्हता. हेतू होता पैसा आणि नोकरीतली पत. शांतता मागून, न बोलावता आली. कचेरीचे काम हाच त्याचा आनंद झाला होता.

हे साधले कसे, याचे उत्तर त्याच्या नेमांच्या रचनेत आहे. पीप्स हा मुळात दप्तराचा माणूस. त्याने आपल्या नेमांनाही दप्तरी शिस्त लावली. शपथ लेखी असे आणि कागद जवळ ठेवलेला असे. तो कागद दर रविवारी वाचावयाचा, असेही शपथेतच घातलेले होते. त्यामुळे रविवारच्या नोंदींत, चर्च आणि जेवण यांच्या जोडीला, शपथा वाचल्याचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. मोडल्यास दंड ठरलेला असे आणि तो गरिबांच्या पेटीत टाकावयाचा असे. ही दंडाची योजना आम्हांला विशेष शहाणपणाची वाटते. नेमात खाडा पडला की माणसाला वाटते, आता सर्वच बुडाले. पीप्सला तसे वाटत नसे. खाड्याची किंमत ठरलेली होती. ती भरली, एखाद्या गरिबाचे चार घास झाले, आणि नेम दुसऱ्या दिवशी पूर्ववत चालू. हिशेबाच्या वहीत चूक झाली म्हणून कोणी वही जाळीत नाही. दुरुस्ती करून सही करतो. तसाच हा प्रकार.

मुदतीचे महत्त्वही त्याने जाणले होते. २९ सप्टेंबर हा इंग्लंडात मायकेलमसचा दिवस. भाडी आणि खंड चुकते करण्याचे जे चार दिवस वर्षात ठरलेले असत, त्यांपैकी तो एक. १६६२ च्या त्या दिवशी पीप्सच्या दोन्ही शपथांची मुदत संपली. त्याने काय केले? आज एक दिवस मोकळीक घ्यावी आणि मग पुन्हा शपथा धराव्या, असे ठरवून तो मद्य प्याला आणि नाटकाला गेला. नाटक होते शेक्सपियरचे 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'. ते त्याला अगदी नीरस आणि हास्यास्पद वाटले, आणि आपण हे पुन्हा कधी पाहणार नाही असे त्याने लिहून टाकले! इतक्या दिवसांनी मिळालेली मोकळीक अशी फुकट गेली. रसिकतेच्या बाबतीत आम्ही त्याची वकिली करणार नाही. परंतु नेमाचे हे उद्यापन मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. आषाढी एकादशीला धरलेला कांदा-लसणाचा किंवा वांग्याचा नेम कार्तिकी एकादशीला सुटतो. चार महिने ही मुदत माणसाच्या आवाक्यातली आहे. शेवट ठाऊक असतो म्हणूनच मधले दिवस सुखाने जातात. आणि सोडलेली वस्तू पुन्हा पानात आली म्हणजे ती आपल्याला वाटत होती तितकी आवश्यक होती काय, हेही कळते.

पीप्सचे सर्वच नेम काही सोडण्याचे नव्हते. काही धरण्याचेही होते, आणि त्यांतला एक तर फारच लहान होता. मंडळाच्या कामात लाकडाची मापे, दोराची वजने, पुरवठादारांची बिले रोज समोर येत. आणि केंब्रिजच्या या पदवीधराला पाढे येत नव्हते. त्या काळी इंग्लंडातील उच्च शिक्षण लॅटिन आणि ग्रीकचे. आकडेमोड ही दुकानदारांची विद्या समजली जाई. १६६२ च्या जुलैत त्याने 'रॉयल चार्ल्स' या जहाजावरील कूपर नावाच्या एका दुय्यम अधिकाऱ्याला शिकवणीला ठेवले, आणि ४ जुलैला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी हा सरकारी अंमलदार गुणाकाराचे पाढे पाठ करावयास बसला. पहाटे चारला उठून तो पाढे घोकी, आणि गणितात जड जातात ते पाढेच, अशी तक्रारही करी. पंतोजीच्या शाळेत पावकी-निमकी म्हणणारे आपल्याकडचे पोर त्याला हसले असते. परंतु दोन महिने होण्याच्या आतच, १८ ऑगस्टला, तो अँथनी डीन या जहाज बांधणाऱ्या कारागिराबरोबर वॉल्टमच्या जंगलात गेला आणि इमारती लाकूड कसे मोजतात व त्या मोजणीत राजाला कसे फसवले जाते, हे समजावून घेऊन आला. पुढल्या वर्षाच्या अखेरीस तो आपल्या पत्नीला अंकगणित शिकवत होता. बेरीज, वजाबाकी, गुणाकार तिला उत्तम येऊ लागले, तेव्हा भागाकाराचा त्रास तिला इतक्यात नको असे त्याने ठरवले.

नियम ज्याला कळतात त्याला पळवाटाही कळतात, हे कचेरीत काम करणाऱ्यांना सांगावयास नको. २९ ऑक्टोबर १६६३ रोजी लंडनच्या लॉर्ड मेयरच्या मेजवानीत पीप्सपुढे 'हिपोक्रास' आले. हे मसाले घालून गोड केलेले मद्य. पीप्सने शपथेचे शब्द मनात तपासले आणि निर्णय दिला की, हे पेय मिश्रण आहे, ते शुद्ध मद्य नव्हे, सबब शपथ मोडत नाही. आपली समजूत चुकीची असल्यास देवाने क्षमा करावी. एखादा मुरलेला हेडक्लार्कही परिपत्रकाचा याहून चांगला अर्थ लावू शकला नसता. तथापि या पळवाटांतूनच त्याचे नेम अधिक नेमके होत गेले. २ जानेवारी १६६४ ला त्याने जी शपथ रचली ती एखाद्या करारनाम्यासारखी आहे. सार्वजनिक नाटकगृहात महिन्याला एकाहून अधिक नाटक पाहावयाचे नाही. असे करता करता पन्नास शिलिंग खर्च झाले की पुढील नववर्षदिनापर्यंत नाटक बंद. मात्र त्यापूर्वी आपली शिल्लक एक हजार पौंडांवर गेली तर नव्या अटी ठरवण्यास आपण मोकळे. सर्वस्वी बंदीपासून तो मापाच्या मोकळिकीकडे आला होता. दोन वर्षांत त्याने स्वतःला ओळखले होते.

याच काळात आपल्या किनाऱ्यावर काय चालले होते, याची आठवण मराठी वाचकाला झाल्याशिवाय राहणार नाही. पीप्सने ही शपथ लिहिली त्याच आठवड्यात शिवाजी महाराज सुरतेत होते. तिकडे पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली होती, परंतु पोर्तुगीज अधिकारी बेट ताब्यात देईनात. १६६३ च्या रोजनिशीत पीप्सने ही तक्रार नोंदवली आहे, आणि राजापुढे ठेवलेल्या नकाशात जे सलग मोठे बेट दिसले ते प्रत्यक्षात लहान आणि दरिद्री निघाले, ही दरबारातली निराशाही. मुंबई इंग्रजांच्या हाती आली १६६५ च्या फेब्रुवारीत, आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला देऊन टाकली. ज्यांच्या वारसांनी पुढे आपल्याला कारकून बनवले, त्यांच्या कचेरीत तेव्हा एक कारकून पाढे पाठ करीत होता. मोठा इतिहास आणि लहान नेम एकाच आठवड्यात घडत असतात.

आतापर्यंत पीप्सची बाजू चांगली दिसली. परंतु इतिहास लिहिताना हिशेबाच्या दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. त्याचे नेम लहान होते, आणि जे नेमांत घातले नव्हते ते मोठे होते. ३ एप्रिल १६६३ रोजी कॅप्टन ग्रोव्ह नावाच्या माणसाने त्याला एक पत्र दिले. टँजियरसाठी भाड्याने जहाजे घेण्याच्या कामी पीप्सने त्याला मदत केली होती. पाकिटात पैसे आहेत हे त्याने ओळखले, ते घरी नेऊन उघडले, आणि सर्व नाणी बाहेर पडेपर्यंत कागदात डोकावून पाहिले नाही. कोणी विचारलेच तर, आपण पत्रात पैसे पाहिले नाहीत, असे सांगता यावे म्हणून! एक सोन्याचे नाणे आणि चार पौंडांची चांदी त्यात होती. ज्या माणसाने मद्याच्या एका घोटाबद्दल देवाची क्षमा मागितली, त्यानेच ही युक्ती केली, आणि ती तितक्याच प्रामाणिकपणे लिहून ठेवली. त्या काळी अशा भेटी घेणे सर्रास चाले हे खरे. परंतु सर्रास चालणाऱ्या गोष्टीसाठी नजर चुकवावी लागत नाही.

घरातही तसेच. परस्त्रियांच्या बाबतीत तो फार दुबळा होता, आणि त्याच्या पत्नीने ते सोसले. २५ ऑक्टोबर १६६८ रोजी घरातील एका तरुण सोबतिणीबरोबर तिने त्याला प्रत्यक्ष पाहिले. पुढचे कित्येक आठवडे त्या घरात झोप नव्हती. पंधरा दिवसांच्या नाटकबंदीने हे भरून येण्यासारखे नव्हते, हे पीप्सलाही कळले. तेव्हाही त्याने जे धरले ते मात्र एक छोटे काम होते: रात्री झोपण्यापूर्वी एकट्याने गुडघे टेकून प्रार्थना करावयाची. लहान नेम माणसाचे शील घडवतोच असे नाही, हे या प्रसंगावरून स्पष्ट आहे. तो दारू सोडवील, पाढे शिकवील, शिल्लक वाढवील. दुसऱ्याला दिलेले दुःख तो भरून काढू शकत नाही. पण ते दुःख ज्या क्षणी समोर उभे राहते, त्या क्षणी हाताने करण्यासारखे काही तरी तो देतो, आणि कोसळलेला माणूस तिथून उठू लागतो. याहून अधिक श्रेय आम्ही त्याला देत नाही. याहून कमी देणेही अन्याय होईल.

मधल्या वर्षांनी त्याची परीक्षाही पाहिली होती. १६६५ मध्ये लंडनला प्लेगने गाठले. मृत्यूंच्या अधिकृत याद्यांत त्या वर्षी प्लेगचे ६८,५९६ बळी नोंदले गेले. बरेचसे दरबारी लोक शहर सोडून गेले, तरी पीप्स नाविक मंडळाचे काम रेटत राहिला. त्या भयंकर वर्षाच्या अखेरीस त्याने हिशेब मांडला तो असा: शिल्लक तेराशे पौंडांवरून चव्वेचाळीसशेवर गेली, आणि आपण या प्लेगच्या काळाइतके आनंदात कधीच नव्हतो. शेजारी प्रेते उचलली जात असताना एखाद्याने असे लिहावे, हे वाचून मन चरकते. नेमाने आलेली शांतता कधी कधी बधिरपणाच्या किती जवळ जाते, ते येथे दिसते. पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात आग लागून जुने लंडन जळून गेले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याचे नाटकाचे नियम सैल झाले आणि तो पुन्हा पुष्कळ नाटके पाहू लागला. डोळे दुखू लागले होते. मेणबत्तीच्या उजेडात लिहिणे असह्य झाले. दृष्टी जाईल या भीतीने ३१ मे १६६९ रोजी त्याने रोजनिशी बंद केली. नऊ वर्षे आणि पाच महिने चाललेला हा त्याचा सर्वांत मोठा नेम. आणि तो त्याने कधी शपथ घालून धरलेला नव्हता.

दृष्टी गेली नाही. तो आणखी चौतीस वर्षे जगला. पत्नी मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ऐन तिशीच्या आत, वारली. १६७३ मध्ये तो नौखात्याचा मुख्य चिटणीस झाला. पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष असताना न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाला छपाईची जी परवानगी मिळाली, तिच्यावर नाव आहे ते पीप्सचे. रोजनिशी लघुलिपीत होती. त्याच्या तीन हजार ग्रंथांच्या संग्रहाबरोबर ती मॉडलिन कॉलेजात गेली आणि जवळजवळ शंभर वर्षे तशीच पडून राहिली. १८१९ ते १८२२ या काळात जॉन स्मिथ नावाच्या एका गरीब विद्यार्थ्याने ती अक्षर अक्षर लावून उलगडली. त्या लघुलिपीचे मार्गदर्शक पुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात होते, हे बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. १८२५ मध्ये तिचा काही भाग प्रथम छापून आला.

वाचकांपैकी कोणी नव्या वर्षाच्या आरंभी, मग ते वर्ष कोणत्याही पंचांगातले असो, काही योजत असतील, तर पीप्सच्या दप्तरातून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत असे आम्हांला वाटते. नेम एवढा लहान असावा की तो कागदाच्या एका ओळीत मावेल. त्याला मुदत असावी, आणि मुदत संपल्यावर एक मोकळा दिवस असावा. आणि खाडा पडेल हे आधीच धरून त्याचा दंड ठरवून ठेवावा, म्हणजे मोडलेल्या नेमाची खंत दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल. चौथी गोष्ट पीप्सला जमली नाही, ती आपण आपल्या हिशेबात जोडावी: नेमात काय घातले यासोबत, काय सोयीने वगळले, तेही वर्षातून एकदा लिहून पाहावे. ती यादी कोणाला दाखवावी लागत नाही. पण खरी शांतता हवी असेल तर ती करण्यावाचून गत्यंतर नाही.

राहता राहिले पाढे. १६७३ साली लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत गरीब मुलांना नौकानयनासाठी गणित शिकवण्याची जी शाखा स्थापन झाली, तिच्यामागे पीप्सची खटपट होती. १६७७ च्या अखेरीस त्याने आरमारातील लेफ्टनंट पदासाठी परीक्षा सुरू करवली. तोवर ही पदे वशिल्याने मिळत. ज्याला स्वतःला पद मिळाले ते वशिल्याने, त्याने इतरांसाठी परीक्षा ठेवली. एकोणतिसाव्या वर्षी पहाटे चारला उठून गुणाकाराचे पाढे घोकताना यांतले काहीही त्याच्या मनात नव्हते. त्या दिवशी त्याला फक्त लाकडाचे बिल तपासावयाचे होते.